डबीतला पेन ड्राइव्ह

पिंप्राळा, जळगाव

प्रिय योगेंद्रभाऊ,

रविवारी तुमचा फोन आला तेव्हा मी दुकानात झेरॉक्स काढत होतो, म्हणून नीट बोलता आलं नाही. धुळ्यात नवं दुकान टाकताय, ऐकून बरं वाटलं. मला परत बोलावलंत. "ती जुनी चूक मी केव्हाच विसरलो, नवल, तूही विसर," असं म्हणालात. मी "बरं" म्हणालो. तेव्हापासून ते वाक्य डोक्यातून जात नाही, म्हणून हे पत्र.

इथे माझं बरं चाललंय. झेरॉक्स, फॉर्म भरणं, लग्नपत्रिका. लोकांना वाटतं मी फार सावकाश काम करतो. गिऱ्हाइकाचा पेन ड्राइव्ह मी काढतो, पुन्हा लावतो, फाइल उघडून बघतो, पुन्हा काढतो. मालक म्हणतात, "अरे बाबा, तो पेन ड्राइव्ह आहे, तान्हं बाळ नाही." मी हसतो. त्यांना काय सांगणार, ही सवय मला कुठून लागली ते.

नववीत शाळा सुटली तेव्हा तुमच्याकडे आलो. दुकानातले ते दोन जुने कॉम्प्युटर कोणी भंगारातही घेतले नसते. तुम्ही त्यांच्यात विंडोजऐवजी लिनक्स नावाची हलकी सिस्टिम टाकलीत आणि ते धावायला लागले. पेन ड्राइव्ह तिथे आपोआप दिसायचा नाही, तो माउंट करावा लागायचा, म्हणजे आपण सांगून मशीनला जोडून द्यायचा. आणि काढण्याआधी अनमाउंट, म्हणजे तसाच सांगून सोडवायचा. तुम्ही सांगितलेलं शब्दन्‌शब्द आठवतं. कॉपीची खिडकी बंद झाली म्हणजे काम झालं असं समजू नकोस, मशीन अजून आतल्या आत लिहीत असतं, अनमाउंट करून 'आता काढा' असं आलं की मगच हात लाव. "घाई नवरदेवाला असते रे, पेन ड्राइव्हला नसते." मी दोनदा तपासायला लागलो तेव्हा तुम्ही मला तपासनीस नाव ठेवलंत. "काय तपासनीस, कुलूप किती वेळा ओढलं?" गल्लीतले सगळे हसायचे. मला ते नाव आवडायचं.

मग पारोळ्याचे झुलालनाना आले. त्यांच्या बायकोला, कमलबाईंना, जाऊन तेव्हा दोन महिने झाले होते. त्यांनी म्हटलेली हळदीची गाणी, एकूण बावीस, नानांच्या जुन्या मोबाईलमध्ये होती, आणि मोबाईल शेवटचे श्वास घेत होता. तुम्ही ते काम माझ्याकडे दिलंत. नव्या पेन ड्राइव्हला मी 'कमल' असं नाव दिलं, बावीसच्या बावीस गाणी उतरवली, एक लावून ऐकलं. त्यात मध्येच कमलबाई थांबून म्हणतात, "चहा ठेव ना वं कोनी," आणि पुन्हा चाल धरतात. पाकिटात घालून वर 'नाना, पारोळा' लिहिलं आणि टेबलावर ठेवलं. संध्याकाळी नाना ते पाकीट घेऊन गेले, आणि त्या रात्री त्यांचा मोबाईल बंद पडला तो कायमचाच.

तिसऱ्या दिवशी नाना परत आले. पेन ड्राइव्हमध्ये काहीच दिसत नव्हतं. तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "पोरनी घाई कयी, नाना." घाई माझी ठरली. मी अनमाउंट केलं होतं असं मला वाटत होतं. पण भाऊ, तुम्ही म्हणालात म्हटल्यावर मला माझंच खरं वाटेना. नाना रागावले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "जाऊ दे भाऊ, तिना आवाज मना कानमा शे." मी बाहेर जाऊन नळाखाली तोंड धुतलं.

मी तुम्हाला विनवलं होतं, मला दोन दिवस द्या, फक्त वाचण्यापुरता माउंट करतो, त्यावर एक अक्षर लिहिणार नाही, आत गाणी अजून असतील. तुम्ही नानांना सांगितलंत, याच्या हाती देऊ नका, उरलंसुरलंही घालवेल. नानांनी तो ड्राइव्ह कमलबाईंच्या कुंकवाच्या डबीत घालून देव्हाऱ्यात ठेवला. महिन्याभरात दुकान बंद झालं. निघताना तुम्ही मला त्या दोन जुन्यांतला एक कॉम्प्युटर दिलात. दोन वर्षं तो माझ्या खोलीत कपाटावर होता. मी त्याला हात लावला नाही.

मागच्या महिन्यात लावला. ही सिस्टिम सगळं लिहून ठेवते, कुठला ड्राइव्ह केव्हा लावला, केव्हा काढला. हेही तुम्हीच दाखवलं होतं. त्या दिवसाच्या ओळी अजून होत्या. तीन चाळीसला 'कमल' अनमाउंट झाला, नीट. चार बावन्नला पुन्हा माउंट झाला. चार सत्तावन्नला ओढून काढला, अनमाउंट न करता. माझ्या कामाच्या वहीत त्या वेळेसमोर लिहिलेलं आहे, स्टँडवर, शिरपूरच्या गाडीत पार्सल. दुकानात तुम्ही एकटे होता. अलीकडे उघडलेल्या फाइलींच्या यादीत 'कमल'वर टाकलेली एक लग्नपत्रिका आहे, समोरच्या प्रेसमध्ये छापायला न्यायची होती ती. मी परत आलो तेव्हा तुम्ही प्रेसमधून रस्ता ओलांडून येत होता. तुम्हाला घाम आला होता. मला वाटलं, ऊन.

भाऊ, पाकिटातला का होईना, हाताला लागला तो ड्राइव्ह उचललात, घाईत ओढलात, हे मी समजू शकतो. माझ्याही हातून झालं असतं. पण मी ड्राइव्ह मागितला तेव्हा तुम्ही नाही म्हणालात. तो नीट वाचला गेला असता तर गाण्यांच्या शेजारी ती अर्धी पत्रिका निघाली असती. तेवढ्यासाठी तुम्ही बावीस गाणी डबीत बंद राहू दिलीत. आणि दोन वर्षांनी मला माफ केलंत.

पंधरा दिवसांपूर्वी पारोळ्याला जाऊन मी डबी मागितली. नाना म्हणाले, "योगेंद्र सांगी तवय देसू." तुम्ही सांगाल तेव्हाच. त्या ओळींचा कागद माझ्या खिशात होता. इंग्रजी आकडे आणि अक्षरं, नाना काय वाचणार त्यात. आणि त्या घरात तुमच्या शब्दापुढे माझा शब्द चालत नाही. मी चहा पिऊन परत आलो.

नानांच्या नातीची, रूपाची, एकवीस तारखेला हळद आहे. बायका कमलबाईंची गाणी आठवून आठवून म्हणतायत, पण कोणाला दुसरं कडवं येत नाही. गाणी मिळतीलच असं मी म्हणत नाही. पण त्या दिवसानंतर त्या ड्राइव्हवर कोणी काही लिहिलेलं नाही, म्हणजे आशा आहे. तुम्ही नानांना फोन करा आणि सांगा, डबी नवलकडे द्या. ते "का?" म्हणतील, आणि तुम्हाला खरं सांगावं लागेल, हे मला माहीत आहे. हे मी फोनवर मागितलं असतं तर तुम्ही हसून विषय बदलला असता आणि मी पुन्हा "बरं" म्हणालो असतो. म्हणून लिहिलं. नोकरीचं मला त्या फोननंतर विचारा. ड्राइव्ह हातात आला की मी तो फक्त वाचण्यापुरता माउंट करेन. त्यात ती पत्रिका सापडली तर मी उघडणार नाही. मला बावीस गाणी हवी आहेत.

तुमच्याच हाताखाली शिकलेला,
नवल