विंडोजला शेवटची संधी

२ जानेवारी २०२५
नव्या वर्षाचा एकच संकल्प. शाहूपुरीतलं दुकान आणि घर, दोन्हीकडे एकच सिस्टीम. विंडोज, मॅक की लिनक्स, पूर्ण अभ्यास करून ठरवणार. बावीस वर्षं डीटीपी करतोय. लग्नपत्रिका करावी तर वीरेशनंच, असं लोक म्हणतात. घाई नाही.

९ जानेवारी, सकाळी ११
विंडोजवरचा विश्वास उडाला. हंबीररावांनी नातीच्या लग्नाची पत्रिका टेबलावर आपटली. खाली उजव्या कोपऱ्यात त्यांच्या वडिलांच्या नावाआधी 'कै.' छापलंय. जुन्या फाईलमधलं तसंच राहिलेलं. "जित्या माणसाला मारलासा की ओ! आबा घरात भाकरी हाणत्यात!" सगळ्या पत्रिका परत छापायच्या. प्रूफ मी स्वतः तीनदा वाचलं होतं. 'कै.' स्क्रीनवर नव्हताच. आमची ऑपरेटर निशा म्हणाली, होता. तिच्या पीसीवर असेल.

१८ जानेवारी
विंडोज बाद. रक्षिता पुण्याहून आलीय, तिचा मॅक दोन दिवस वापरला. देखणा आहे. पण मेनू पार वर, टोकाला. तिथं कोण बघतं? तसं म्हणालो तर म्हणते, "पप्पा, डोळे दाखवून घ्या." विषय काय, पोरगी बोलते काय.

२६ जानेवारी
पेठेत मोफत नेत्रतपासणी. रक्षिताचं तोंड बंद करायला गेलो. तक्त्यावरची शेवटची ओळ घडाघडा वाचली. तरी तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दवाखान्यात येऊन एकदा प्रेशर तपासा. मला बीपी कधीच नव्हतं. घरी आलो.

५ फेब्रुवारी
लिनक्स. फुकट, हलकं, स्वाभिमानी. दोष एकच. माऊसचा बाण सारखा गायब होतो. निशा स्क्रीनवर बोट ठेवून म्हणते, ह्यो काय. तिनं बोट ठेवलं की दिसतो. बग लिहून ठेवला.
बायको, पवित्रा, म्हणते, तुम्ही हल्ली दारालाही धडकताय. घरात एक वस्तू जागेवर असेल तर शपथ.

१४ फेब्रुवारी
लिनक्स बाद. निशा आता माझी प्रूफं परत वाचते, मला न सांगता. मी बघून न बघितल्यासारखं केलं. शिकू दे.

२३ फेब्रुवारी, संध्याकाळी
पवित्राला मागं बसवून कुरुंदवाडला निघालो होतो, तिच्या माहेरी. हातकणंगल्याच्या अलीकडे डावीकडनं उसाचा ट्रॅक्टर आला. हॉर्न नाही, काही नाही. मला खरचटलं. पवित्राच्या मांडीचं हाड मोडलं. वर ट्रॅक्टरवालाच माझ्यावर ओरडतोय, "पावणं, एवढी ट्रॉली दिसंना व्हय?"
ॲम्ब्युलन्समध्ये ती म्हणाली, मी दोनदा ओरडले होते, अहो ट्रॅक्टर, अहो ट्रॅक्टर. वाऱ्यात ऐकू आलं नसणार.

२५ फेब्रुवारी
ऑपरेशन झालं. मांडीत रॉड घातलाय. पवित्रा माझ्याशी बोलत नाही, भिंतीकडे तोंड करून पडून असते. तिच्या कॉटजवळ बसून शेवटी निर्णय घेतला. विंडोजलाच शेवटची संधी देणार. स्क्रीन मात्र मोठा. मोठ्या स्क्रीनवर सगळं मावेल.

३ मार्च
पवित्रा आज बोलली. एकच वाक्य. "डोळं दाखवून या, मगच माझ्यासमोर या." रक्षितानं डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं.
पांढऱ्या गोल भांड्यासारखं मशीन. हनुवटी टेकायची, समोर बघायचं, आजूबाजूला दिवा लागला की बटण दाबायचं. मशीन अगदीच भंगार. मधेच बंद पडायचं. किती वेळ एकही दिवा नाही. उठल्यावर तिथल्या पोरीला सांगितलं, बाई, सिस्टीम हँग होतीय तुमची, बदला.
ती म्हणाली, "हँग न्हाय झाली काका. दिवं लागतच होतं की."
डॉक्टर म्हणाले, काचबिंदू. डोळ्यांतलं प्रेशर वाढून कडेची नजर गेलीय, ती परत येणार नाही. उरलेलं टिकवायला रोज थेंब, आयुष्यभर. गाडी आजपासून बंद.
बाहेर जिना होता. रक्षितानं माझा हात धरला. पायऱ्या संपल्या तरी तिनं सोडला नाही. मीही सोडवून घेतला नाही.