बाबांची चाल

प्रिय भिडू,

‘प्रिय’ सवयीनं लिहून गेले. राहू दे आता.

तुझा मोबाइलवरचा खेळ पाहिला. जोरात चाललाय म्हणे. तो म्हातारा पडद्यावर आला आणि मी लगेच ओळखलं. उजवा पाय घासतो, खांदा झुकतो, मग सगळा देह कसाबसा सावरतो. ही चाल कुणी चितारलेली नाही, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक? आपण कॉम्प्युटरवर त्याच्या हाडांना वजन दिलं, सांध्यांना ताठरपणा दिला आणि तोल त्याचा त्याला सांभाळू दिला. म्हणून तर तो दर वेळी वेगळा अडखळायचा. ते सगळं माप माझ्या बाबांच्या पायाचं. पक्षाघातानंतर त्यांच्या गुडघ्याला मोजमापाच्या पट्ट्या तूच बांधल्यास, आणि माझ्या पायाचं काहीतरी सोनं कर रे बाबा, असं ते तुलाच म्हणाले होते.

तोल जाणाऱ्या माणसाला नेमकं कुठं धरायचं, हे शिकाऊ नर्सना कळावं म्हणून आपण तो घडवला. बरोबर जागी हात लावला की तो उभा राहायचा. पहिल्यांदा राहिला तेव्हा आपण ऑफिसात वेड्यासारखे नाचलो होतो. तू त्या हाताचं बळ तेवढं उलटं फिरवलंस. आता त्याला ढकलायचं. जितका वेडावाकडा पडेल तितके गुण, जिन्यावरून पडला तर दुप्पट. मला विचारलंसुद्धा नाहीस. केसानं गळा कापलास माझा.

ताई राहायला आली आहे. तिच्या लेकीनं कौतुकानं तो खेळ आजोबांना दाखवला. बाबा आधी हसले. मग म्हणाले, पुन्हा दाखव. मग स्वतःच्या उजव्या पायाकडे बघत बसले.

नावासाठी भांडायला हे लिहीत नाहीये, ते तुझं तुला लखलाभ. बाबांना वाटतंय, हे मी केलं. पट्ट्या घरात मीच आणल्या होत्या ना. कितीदा सांगितलं, पटत नाही. मी खोलीत आले की ते चालायचे थांबतात. परवा माझी चाहूल लागली तसे भिंतीला धरून उभेच राहिले, मी जाईपर्यंत. डॉक्टर म्हणतात, चालणं सुटलं तर पाय कायमचा जाईल. म्हणून ये. त्यांच्यासमोर बस आणि हे कुणी केलं ते तुझ्या तोंडानं सांग. मी बाहेर थांबेन. त्यांची पावलं ऐकू आली की तू जा.

तुझी कुणीच नाही,
त्यांचीच लेक