बाटलीतली अंजना

केनवड, १२ मार्च १९७६

सौ. रुख्मिणीबाईले धाकट्या अंजनाचा वाकून नमस्कार. भाऊजीयलेही सांग. तुमची तब्येत, म्हशीचं दूध, लेकीची परीक्षा सारं ठीक असेल असं धरून चालते, कारण आज मले दुसऱ्याचं विचारायले दम नाही. (दम म्हणजे धीर. दमा बराच कमी आहे.) बाई, तुही बहीण सध्या दोन ठिकाणी राहून राह्यली. एक केनवडले, अन् एक नागपूरले, काचेच्या बाटलीत.

पहिल्यापासून सांगते. खोकल्यासाठी रिसोडच्या दवाखान्यात गेली. डॉक्टरनं छातीले नळी लावली, मी पदर सावरला, अन् त्याले माहा तळहात दिसला. मग छाती राह्यली बाजूले, तो हातच धरून बसला. (आमच्या घरचे शेजारीच उभे होते. त्यायचं तोंड तू पाहाले पाहिजे होतं.) तुले ठाऊकच आहे, माह्या तळहातावर ज्वारीएवढे कडक दाणे आहेत, तव्यावरची भाकर मी नुसत्या हातानं उलटवते, अन् सासूबाई गावभर सांगतात की आमच्या सुनेले चटका लागत नाही. डॉक्टरले त्याचं काही कौतुक वाटलं नाही. पाठ पाहू म्हणाला. पाठीवर धुळीत पावसाचे थेंब पडावे तसे ठिपके निघाले. दम्यासाठी काय घेता, असं त्यानं विचारलं. मी गोळ्यायची पुडी दाखवली. (कोणाच्या गोळ्या ते तुले सांगायले नको.) त्यानं पुडीसकट आमाले नागपूरले पाठवलं.

नागपूरले पाच डॉक्टर अन् वीस पोरं-पोरी माही पाठ पाहून गेले. लग्नातही मले एवढ्या लोकायनं पाह्यलं नव्हतं. गोळीत सोमल निघाला, म्हणजे आर्सेनिक, विषच. तिथल्या डॉक्टरीणबाईनं विचारलं, "ह्या गोळ्या देतं कोण?"

मी म्हटलं, "एक फकीर जातो रस्त्यानं."

"पाच वर्षं? दर महिन्याला?"

"हो. माणूस वेळेचा पक्का आहे."

तिनं लिहून घेतलं, पण पेन लय हळू चालला.

मग तिनं तळहाताचा एक वाईट दाणा काढून तपासाले पाठवला, अन् दंडाची मसुरीएवढी कातडी गुलाबी पाण्यात वाढत ठेवली. महिन्यानं गेली तर मले यंत्रातून दाखवली. बाई, ते जिवंत होतं. मी इथं स्टुलावर, अन् मीच तिथं काचेले चिकटून वाढून राह्यली. त्याले भूक लागते का, असं मी विचारलं. ती हसली नाही, म्हणाली, रोज खायला घालते. माह्या सासरी हे मले आजवर कोणी म्हटलं नाही.

दोन बाटल्या होत्या. साध्या बाटलीतल्या पेशी शहाण्यासारख्या ओळीत. दुसरीत तिनं सोमलाचा नुसता कण टाकला होता, तिथं साऱ्या एकमेकीच्या उरावर. म्हणे प्रत्येक पेशीजवळ एकच पुस्तक असते. वाढ, थांब, गळून पड, सारं त्यात लिहिलेलं. सोमल लिहिलेलं खोडत नसावा, पण कोणतं पान कधी उघडायचं हा हुकूमच बिघडवत असावा. (आमच्या गावच्या शाळेतही पुस्तकं सारी बरोबर आहेत.) पक्कं अजून कोणालेच माहीत नाही, म्हणूनच ती पाहून राह्यली, अन् माह्याच कातडीवर. मले रेल्वेत अकोल्यापर्यंत झोप नाही. डब्यातल्या साऱ्यायले सांगत आली.

दाणाही वेळेवर निघाला. अजून वर्षभर राह्यला असता तर त्याचा कॅन्सर झाला असता, असं डॉक्टरीणबाई म्हणाली. गोळ्या बंद आहेत. दम्याले दुसरं औषध देलं.

तुही,
अंजना

ता.क. भाऊजीयनं मले एक पैसा न घेता गोळ्या देल्या, त्यायच्या वैद्य वडिलायनं शिकवलं तसा सोमल शुद्ध करून देल्या, अन् माहा दमा थांबला हेही खरं. म्हणून मी फकीर सांगतला. पण डॉक्टरीणबाई २७ तारखेले केनवडले येऊन राह्यली. तिले पोलीस नको, त्या गोळ्या आणखी कोण कोण खाते तेवढं पाहिजे. दुसऱ्यांदा खोटं माह्यानं होणार नाही. त्याआधी भाऊजीयले यादी घेऊन स्वतः येऊ दे.

ता.क. २. हे वरचं त्यायले वाचून दाखवू नको. नाही, दाखव.

ता.क. ३. दिवाळीत तू माह्या पाठीवरून हात फिरवला तेव्हा लुगड्याचे धागे तुह्या खरखरीत तळहाताले अडकत होते. आपण दोघी किती हसलो. बाई, पत्र मिळताच निघ. मी रिसोडच्या स्टँडवर उभी आहे.