पडद्याआडचा पाठमोरा

३ ऑक्टोबर

एका गंभीर अन्यायाची नोंद करून ही वही सुरू करतो. मला मिळालेली खुर्ची खचते. सकाळी नऊला मी टेबलाकडे अधिकाऱ्यासारखा पाहतो, अकरापर्यंत कारकून होतो आणि जेवणाच्या सुट्टीला माझी हनुवटी टेबलावर टेकलेली असते. विश्व जन्मलं त्या पहिल्या क्षणात काय घडलं ते सांगू पाहणाऱ्या संस्थेला एक खुर्ची दिवसभर एका उंचीवर ठेवता येत नाही. रीतसर तक्रार केली. दुर्बिणीची यंत्रं सांभाळणारा गृहस्थ आला. सगळे त्याला मिस्त्रीच म्हणतात. खुर्चीभोवती एक प्रदक्षिणा घालून त्याने निकाल दिला की खुर्ची ठणठणीत आहे, साहेबांनीच जरा भाताचं बघावं.

बाकी मजेत. बावन्नाव्या वर्षी नवी नोकरी, खिडकीवाली खोली. बायकोने फोनवर दोनच प्रश्न विचारले: जेवलात का, आणि कुणाशी भांडलात का. पहिल्याला हो म्हणालो, दुसऱ्याला अजून नाही.

७ ऑक्टोबर

माणसं कळू लागली. प्रमुख म्हणजे थोरल्या बाई. तीस वर्षं आकाशाचा ताप मोजतायत, त्यामुळे माणसांचा ताप त्यांना लगेच कळतो. त्या हसल्या तर रजा मंजूर झाली असं समजायचं, असं मिस्त्री सांगतो.

दुसरी मुंगी. डॉक्टरेटचं पाचवं वर्ष. अंगाने काडी, पण हातात कायम स्वतःपेक्षा मोठं काहीतरी असतं: तारांची भेंडोळी, पुस्तकांची चळत, नाहीतर दुसऱ्याचं काम. माझं संगणकावरचं खातं अजून उघडलेलं नाही, कारण अर्ज दोन खात्यांच्या मध्ये कुठेतरी विसावलाय. मुंगीने स्वतःचा पासवर्ड चिठ्ठीवर लिहून दिला. म्हणाली, तुमचं येईपर्यंत माझंच वापरा, सर, पण पडद्याला तेवढा हात लावू नका, नाहीतर मी मेलेच.

११ ऑक्टोबर

हा पडदा काय ते लिहून ठेवतो, कारण बायकोला दोनदा सांगूनही ती खिडकीचाच समजते.

विश्वातला सगळ्यात जुना उजेड तेरा अब्जांहून जास्त वर्षं चालत आमच्यापर्यंत येतो, दमून, गारठून. दुर्बीण त्याचा नकाशा काढते. दिसायला भिंतीला ओल आल्यासारखा, नुसते डाग. त्या डागांत पहिल्या क्षणाची एखादी सुरकुती राहिली आहे का, ते आम्ही शोधतो. पण माणसाची जात अशी की जे हवं तेच दिसतं. म्हणून नकाशाचा मुख्य तुकडा राखाडी चौकोनाखाली झाकलेला असतो. आधी मोजायची पद्धत पक्की करायची, सगळ्यांनी मान डोलवायची आणि मग एका ठरल्या दिवशी सगळ्यांनी मिळून पडदा उचलायचा. त्याआधी ज्याने डोकावलं त्याच्या पद्धतीवर कुणी विश्वास ठेवत नाही. तो उत्तराच्या दिशेने कलणारच, नकळत का होईना. पडदा उचलला की नोंदपुस्तकात आपोआप ओळ पडते: नाव, तारीख, वेळ. पुढे एक रिकामा रकाना, ‘खुलासा’.

या नियमाची गरज माझ्याइतकी कुणाला नाही. जुन्या संस्थेत मी ती सुरकुती सापडली म्हणून जाहीर केलं होतं. हारतुरे झाले. वर्षभराने निघाली ताऱ्यांमधली धूळ. पुढची तीन वर्षं मी परिषदेत बसायला गेलो की शेजारचा खुर्ची रुमालाने झटकून द्यायचा.

१७ ऑक्टोबर

पाहिलं.

दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी सगळे जेवायला गेले होते. एकच नजर टाकायची होती, पुन्हा माझं हसं होणार नाही ना एवढंच बघायला. चाळीस सेकंद, फार तर. डाग होते, आणि मधोमध एक गडद गोळा. कुणीतरी पाठमोरं बसल्यासारखा. ढगात उंट दिसतात, तसलंच. पडदा टाकला.

मग जेवायला गेलो. मुंगीने माझ्यासाठी जागा धरून ठेवली होती.

१९ ऑक्टोबर

खात्री करायला पुन्हा पाहिलं. उंट नाही. माणूस आहे. टेबलापुढे वाकून बसलेला. त्याचा डावा खांदा उतरलेला आहे. माझा शिंपी गेली वीस वर्षं माझ्या सदऱ्याचा डावा खांदा अर्धा इंच खाली कापतो.

२२ ऑक्टोबर

फाइल तीच. आकार तोच, तारीख दोन वर्षांपूर्वीची, म्हणजे या संस्थेचं नावही मला माहीत नव्हतं तेव्हाची. आतला उजेड तर पृथ्वी नव्हती तेव्हाचा.

एकोणीसला नुसती पाठ होती. आज उजवा कान दिसतो.

तो वळतोय.

२४ ऑक्टोबर

गालाची कड. चष्म्याची काडी.

माणूस पाठमोरा दिसतो तेव्हा पाहणारा त्याच्या मागे असतो. माझ्या खुर्चीमागे भिंत आहे, भिंतीला खुंटी, खुंटीला माझा कोट. तीनदा पाहिलं. कोटच आहे.

बायको म्हणते आवाज बसलाय, वाफ घ्या.

२७ ऑक्टोबर

सकाळी थोरल्या बाईंनी सगळ्यांना बोलावलं. नोंदपुस्तकातल्या चार ओळी वाचून दाखवल्या. चार वेळा पडदा उचलला गेला. चारही वेळा मुंगीच्या नावाने.

बाईंनी तिला एवढंच विचारलं की पोरी, का? मुंगी काही बोलली नाही. पासवर्ड दुसऱ्याला देणं हाही गुन्हाच, पण ती त्यासाठी गप्प नव्हती. तिने माझ्याकडे पाहिलं, एकदाच. रागाने नाही. दार उघडं धरून ठेवतात ना, तुम्ही या म्हणून, तसं.

मी चष्मा पुसला. आणि मग बोललो. कुणी विचारलं नव्हतं तरी बोललो. म्हणालो की तरुण वयात मोह होतो, बाईंनी जरा सांभाळून घ्यावं.

बाईंनी माझ्या मोठ्या मनाचं कौतुक केलं.

२८ ऑक्टोबर

मुंगीचं खातं बंद. मोजायची पद्धत तिने पाच वर्षं खपून बसवलेली, ती रद्द, प्रबंधही त्याबरोबर. तीन नोव्हेंबरला दोन वाजता तिच्या आधीच्या जुन्याच पद्धतीने पडदा उचलणार. तिने टेबल आवरलं तेव्हा मी खोलीत होतो. खोका धरू का म्हणून विचारलं. नको सर, सवय आहे, म्हणाली. तोंडात मारली असती तर बरं झालं असतं.

मिस्त्री जिन्यात भेटला. म्हणाला, ही पोरगी हातमोजे घातल्याशिवाय यंत्राच्या झाकणालाही हात लावायची नाही, ती पडदा कशाला उचलेल? मी म्हटलं, माणसाचं काही सांगता येत नाही. तो म्हणाला, ते खरंय साहेब. आणि बघत राहिला.

३० ऑक्टोबर

एक गोष्ट या वहीतही लिहिली नव्हती. इथेही चोरी.

माझं खातं सोळा तारखेला आलं होतं. पहिल्यांदा पडदा उचलला त्याच्या आदल्या दिवशी. माझा पासवर्ड खिशात होता आणि मी तिचा टाकला. सवयीने, असं मनाला सांगितलं. सवय नव्हती. बोटांना ठाऊक होतं कुणाचं नाव पडायला हवं ते.

१ नोव्हेंबर

तिचं खातं बंद, आणि स्वतःच्या नावाने पडदा उचलायचा धीर होत नाही. आता गरजही नाही. झाकलेल्या चौकोनाबाहेर, सगळ्यांना दिसणाऱ्या नकाशावर, उजव्या कडेला एक डाग आला आहे. कोपर. खुर्चीच्या पाठीवर हात टाकून वळताना येतं तसं.

भ्रम म्हणून सोडलं असतं. पण मिस्त्री संगणकासमोर थांबला आणि म्हणाला की हा डाग काल नव्हता, कुणी केला?

माझ्याकडे बघून म्हणाला.

२ नोव्हेंबर

पाठीवर गार लागतं. खोलीतल्या गारव्यासारखं नाही. मिस्त्री सांगतो तसं, जुना उजेड टिपायला गोठवून ठेवलेल्या दुर्बिणीच्या पोटात असतं ते.

कोट खुंटीवरून काढून कपाटात ठेवला. भिंतीवर कोटाची सावली तशीच —

बायकोला सगळं सांगितलं. आकृतीचं नाही, मुंगीचं. ती म्हणाली की तुम्ही भित्रे आहात हे मला लग्नापासून माहीत आहे, पण लेकीच्या वयाच्या पोरीआड लपाल असं वाटलं नव्हतं. फोन ठेवला नाही. नुसती श्वास घेत राहिली.

३ नोव्हेंबर, दुपारी १.१०

सगळे जेवायला गेलेत. दोन वाजता पडदा उचलतील. तोपर्यंत तो पूर्ण वळलेला असेल. चेहरा सगळ्यांना दिसेल. पण मला त्याची भीती नाही, हे आज कळलं. चेहऱ्याने माझं बिंग फुटेल, मुंगीचं टेबल परत मिळणार नाही. कुणी म्हणेल योगायोग. ढगातला उंट. ते टेबल मीच परत मिळवून द्यायला हवं.

माझ्या खात्यातून नोंदपुस्तक उघडलं आहे. खुलासा लिहिला की सगळ्यांना आपोआप जातो.

मागे काहीतरी आहे. वळायचं नाही. आधी हे.

१७ ऑक्टोबर — तिच्या नावाने मी पाहिलं. माझं खातं असताना.

गेलं.

१९ ऑक्टोबर — मी.

२२ ऑक्टोबर — मी. तिने पडद्यामागचं काहीही पाहिलेलं नाही. तिची पद्धत स्वच्छ आहे, तीच वापरा.

२४ ऑक्टोबर — मी.

झालं. चारच होत्या. आता जरा हलकं —

खाली पाचवी ओळ आहे.

आजची. १.१४. आत्ताची. पडदा उचलला. तिचं खातं बंद आहे. माझ्याकडून नाही. नावाच्या जागी काही नाही.

कुणीतरी पडदा उचललाय. पलीकडून.

मानेवर गार —

तीही तिच्यावर यायला नको. रकाना रिकामा ठेवला तर तिच्यावरच ढकलतील. लिहितो. ३ नोव्हेंबर, १.१४ — हीसुद्धा मुंगीची नाही, ही मा