कंबरेची गोळी

मंगळवार, संध्याकाळ

आज कौसाबाईंचा बीपी एकशे अडतीस निघाला! विश्वास बसेना म्हणून दुसऱ्या मशीनवर पुन्हा मोजला. तेवढाच. घरी आले तरी पाय जमिनीवर नाहीत.

पालीच्या आरोग्य उपकेंद्रात सहा महिने मी त्यांना बीपीच्या तीन-तीन गोळ्या देतेय, पण आकडा एकशे ऐंशीच्या खाली येत नव्हता. त्या गोळ्या चुकवतात असं धरून त्यांना चारचौघींत बोललेसुद्धा. का बोलले मी तसं?

पंधरा दिवसांपूर्वी घरी जाऊन गोळ्या मोजल्या, तर एकही चुकलेली नव्हती. तेवढ्यात त्यांच्या कनवटीतून वेगळ्याच गोळ्यांची पट्टी खाली पडली.

"ही कशाची, मावशी?"

"कंबरेची. ऊस तोडायला गेलते तवापासून रोज दोन घेते. त्याबिगर वाकता येत न्हाई."

"मला कधी सांगितलं नाही?"

"तुमी बीपीच्याच इचारल्या की."

खरंच, मी विचारलंच नव्हतं. लगेच डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, रोजच्या दुखण्याच्या गोळ्यांनी बीपी चढतो, वर त्याच्या औषधांचा गुणही कमी होतो. त्यांनी ती गोळी थांबवली, किडनीची तपासणी करून घेतली, कंबरेला शेक आणि व्यायाम सांगितला.

आज आकडा सांगून मी मावशींची माफी मागितली. त्यांनी ती हसण्यावारी नेली. म्हणाल्या, "आमच्या टोळीतल्या समद्या बाया हीच गोळी खातात, सिस्टर. त्यान्ला कोन सांगनार?"

उद्या सकाळी बीपीचं मशीन घेऊन मी आणि मावशी टोळीच्या वस्तीवर जातोय.