अक्काचा भाऊ

चि. दिपमाला हिस,

जळगावच्या कॉलेजातून येऊन तू आमच्या ओट्यावर बसलीस आणि मला बावीस प्रश्न विचारलेस. अक्काची आठवण गेल्यापासून नवरा म्हणून तिला सांभाळताना माझं मन मला किती खातं, ते तुला मोजायचं होतं. बेरीज करून तू हसलीस, "नाना, फारच कमी मार्क पडले. तुमचं मन साफ आहे." मीही हसलो.

आमच्याकडे आखाजीला भाऊ बहिणीला माहेरी न्यायला येतो. अक्काचा भाऊ उखा वारून बारा वर्षं झाली. तरी सण जवळ आल्यापासून तो आला का, हेच ती दिवसभर विचारते, "मना भाऊ उना का?"

तू येण्याच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, मी वैतागून म्हणालो, "उना. फाट्यावर उभा शे. जाय."

ती अनवाणी निघाली. मी दारातून पाहिलं आणि आत जाऊन आडवा झालो. झोपही छान लागली. शेजारच्या दिलीपने तिला उचलून आणलं, तेव्हा तिच्या तळपायांना फोड आले होते. नजर चुकवून पळाली, असं मी त्याला सांगितलं. तुलाही तेच सांगितलं.

तो आकडा खोडून टाक, बाई. पण हे पत्र टपालात टाकायची माझी छाती होणार नाही.

आज दिलीपच्या घरचे सगळे लग्नाला धुळ्याला गेलेत. गल्लीत कोणी नाही. बाहेर ऊन पेटलं आहे. अक्का दारात उभी राहून मघापासून विचारते आहे. मी अजून उत्तर दिलेलं नाही.

तुझे नाना,
झिपरू तोताराम