पाइपाचा घाव

मंगळवार, दुपार

दादांना नमस्कार,

तुम्ही बरे असाल. मीही बराच म्हणायचा. तुम्हाला अहो-जाहो करताना तोंड दुखतं, समोरचे दोन दात तुमच्याच गुडघ्याने गेलेत. पण तुमची बहीण म्हणाली, "लिहायचंच तर माणसासारखं लिही."

तुमच्या शेडमध्ये वेल्डिंग परत सुरू झालं का? मी फेकलेल्या हातोडीने तुमची भुवई फाटली, त्याचं मला तेव्हा काडीचं वाईट वाटलं नव्हतं. "कॉलेज अर्धवट, डोकंही अर्धवट, आणि चालला माझ्या बहिणीला मागणी घालायला!" असं सगळ्या कामगारांपुढे म्हणालात. जीव घ्यायलाच धावलो होतो. तुम्ही डोक्यात पाइप घातलात, डोळ्यांत रक्त उतरलं, तरी तुमच्या मनगटाला कडकडून चावलो. व्रण असेल अजून. असू दे.

मग एमआरआय झाला आणि मेंदूत गाठ निघाली. तुम्ही वॉर्डात येऊन माझे पाय धरलेत. एवढा दांडगा माणूस ढसाढसा रडला. "माझ्या हाताने झालं रे! लग्न लावून देतो, फक्त जग." ती दारातच उभी होती. तुमच्या होकाराशिवाय ती पाऊल टाकणार नाही, हे आपल्या दोघांनाही ठाऊक. मी तुमच्या खांद्यावर हात ठेवला आणि गप्प बसलो.

डॉक्टरीणबाईंनी त्या सकाळीच मला स्क्रीनवर दाखवलं होतं. कपाळामागे उजवीकडे एक डाग. शिरेत औषध टोचूनही तो उजळला नाही, म्हणजे बहुतेक सावकाश वाढणारी, लो ग्रेड गाठ. "माराने अशी गाठ होत नाही," त्या म्हणाल्या. "ही कित्येक वर्षं आत आहे. डोकं फुटलं म्हणून सापडली, एवढंच."

कळलं? तुमच्या पाइपाने नुसती कातडी फाटली. होकार मात्र तुम्ही गाठीपायी दिलात.

इतके दिवस जीभ चावत पडलोय. ती मिळत होती हो! कुठल्या तोंडाने सांगणार?

उद्या ऑपरेशन. त्याआधी तुमचा शब्द परत घ्या. मी शुद्धीवर आलो की हो किंवा नाही, तोंडावर सांगा. नाही म्हणालात तर पुन्हा भांडेन. पण कीव करून हो म्हणालात, तर टाके ओले असतानाच येऊन तुमचं नाक फोडीन.

ती शेजारी बसलीय. सगळं वाचलं. "पाठव," एवढंच म्हणाली, आणि भिंतीकडे तोंड केलं.

तुमचा अजून कोणीच नसलेला,
तिचा मात्र आहेच,
मी